भाड्याच्या घरातली अंगठी

"तेवढी अंगठी काढून द्या हो विहीणबाई," अक्का म्हणाल्या. त्यांचा एक पाय चपलेत गेला होता, दुसरा अजून उंबऱ्याच्या आत होता.

माझा साखरपुडा होऊन जेमतेम तास झाला होता. ओटीचा नारळ अजून माझ्या पदरातच होता. साताऱ्यात यादोगोपाळ पेठेतल्या आमच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत पन्नास पानं उठली होती आणि कऱ्हाडची थोरात मंडळी निघायच्या तयारीत होती. अक्का म्हणजे रणधीरच्या थोरल्या आत्या. रणधीर पाच वर्षांचा असताना त्याची आई गेली, तेव्हापासून थोरातांच्या बंगल्यातलं पानही अक्कांना विचारल्याशिवाय हलत नव्हतं.

"कुठली अंगठी?" आईनं विचारलं. जसा काही आमच्या घरात अंगठ्यांचा ढीग लागला होता.

"ही की." अक्कांनी माझा हात धरून वर केला. फुलाच्या आकाराचं कोंदण, त्यात सात हिरे. "भाऊनं पुण्याहून आणलीय. लग्न होईस्तोवर आमच्याकडं राहू दे, लग्नात परत घालू. राग मानू नका, पण तुमचं पडलं भाड्याचं घर. दुसरी किल्ली मालकाकडं. तुम्ही दोघी मायलेकी दिवसभर नोकरीवर. कुणाचं काय सांगावं?"

आमच्या मालकीणबाई, रहाळकरकाकू, पानसुपारीचं तबक घेऊन तिथंच उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

त्या वयात भांडण टाळायला मी काहीही देऊन मोकळी व्हायचे. मी गुपचूप अंगठी काढायलाही लागले होते. आईनं माझ्या हातावर हात ठेवला.

"राहू दे हेमा. अक्का, मी अंगठीचा विमा उतरवते."

जिन्यातली माणसं थांबली.

"विमा?" अक्का म्हणाल्या. "अंगठीचा? अहो, माणसाचा असतोय विमा. आणि लग्नाआधीच हरवायची भाषा? आमच्यात असलं अभद्र बोलत नाहीत."

"हरवायची भाषा तुम्हीच काढलीत. मी भरून मिळायची काढली."

रणधीरचे वडील, भाऊसाहेब, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून मोठ्यानं हसले. गुळाचे व्यापारी, अंगानं आडवे आणि स्वभावानं मोकळे. "अक्का, विहीणबाई म्हणतायत तर बघू की! बस्ता बांधायला आपण साताऱ्यालाच येणार. तोवर कागद दाखवला, तर अंगठी इथं राहील. नाही दाखवला, तर आपल्याकडं. चालंल?"

"चालंल," अक्का म्हणाल्या, कारण भाड्याच्या घराला विमा मिळत नसतो याची त्यांना खात्री होती. खात्री मलाही होती. रणधीरनं जाता जाता माझ्याकडे पाहून खांदे उडवले. अक्कांपुढे त्याच्या वडिलांनाही हसत हसतच बोलावं लागायचं, तिथं तो काय बोलणार?

सगळे गेल्यावर मी आईला म्हटलं, "देऊन टाकू की. दोन महिन्यांचाच तर प्रश्न आहे."

"दोन महिन्यांचा नाहीये," आई म्हणाली आणि भांडी आवरायला लागली.

मी पुन्हा सुरू केलं. अक्का वाईट नाहीत, उगाच सुरुवातीलाच वाकडं नको, रणधीरला काय वाटेल, मला तिथं जन्म काढायचाय. आईनं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "तीन मिनिटं झाली."

हे तिचं नेहमीचं होतं. बाबा टेलिफोन खात्यात होते. ते गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. त्यांच्या जागी आई साताऱ्याच्या एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागली. ट्रंक कॉल जोडायचा, तीन मिनिटं झाली की मध्ये बोलून तसं सांगायचं, मुदत वाढवायची नसेल तर तोडायचा. आवाज न चढवता. घरातही माझं रडणं, रुसणं, हट्ट सगळं तिनं तीन मिनिटांच्या मापानं चालू दिलं. ही गोष्ट एकोणनव्वद सालची. तोवर तिला चौदा वर्षं झाली होती आणि तीन मिनिटं मोजायला तिला घड्याळ लागत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं अर्धी रजा टाकली आणि मला घेऊन विमा कंपनीच्या कचेरीत गेली. तिथं हसबनीस नावाचे साहेब होते. चष्मा कपाळावर आणि नजर पेपरात.

"घर कुणाचं?"

"रहाळकरांचं."

"मग रहाळकरांना पाठवा. भाडेकरूला घराचा विमा नसतो."

"घराचा नकोच आहे मला. भिंती रहाळकरांच्या, छप्पर रहाळकरांचं, पडलं तर त्यांचं नशीब. आतली भांडी, अंथरुणं, शिलाई मशीन, रेडिओ आणि ही अंगठी आमची. आमच्याचा द्या."

"नुसत्या सामानाचा कोणी घेत नाही बाई."

"घेत नाही की मिळत नाही?"

हसबनीसांनी पेपर खाली ठेवला. चष्मा नाकावर आला. कपाटातून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक निघालं, त्याची धूळ झटकली गेली, पानं उलटली गेली. आई समोरच्या खुर्चीत हात जुळवून बसली होती. लायनीवर थांबायची तिला सवय होती, तिथं मुंबई लागायला दोन-दोन तास लागायचे. पाव तासानं हसबनीस म्हणाले, "मिळतो." त्यांनाच ते पहिल्यांदा कळलं असावं.

मग अटी सुरू झाल्या. सामानाची यादी. मालकाचं पत्र. अंगठीचं नाव वेगळं लिहायचं, कंपनीच्या माहितीतल्या सराफाकडून तिचं वजन आणि किंमत लिहून आणायची. आणि बोटात नसेल तेव्हा ती कुलपात.

"सध्या कुठं ठेवता?"

"तांदळाच्या डब्यात," मी सांगितलं. कणीक मळताना, कपडे धुताना आई मला अंगठी काढायला लावायची आणि स्वतःच्या हातानं तांदळात खुपसून ठेवायची.

हसबनीसांनी पुस्तकाकडे बोट दाखवलं. "यात तांदळाचा डबा नाही. लोखंडी कपाट लागेल."

बाबा गेल्यापासून आम्ही सहा घरं बदलली होती आणि आमच्याकडे कपाट नव्हतं. ट्रंका होत्या, डबे होते, गाठोडी होती. सगळं दोघींना उचलता येईल असं. कपाट घ्यायचं म्हटलं की आई म्हणायची, पुढच्या घरी कोण वाहून नेणार? त्या आठवड्यात तिनं कपाट घेतलं. हिरवं, आरशाचं, आतल्या कप्प्याला वेगळं कुलूप. आमच्या अरुंद जिन्यातून ते वर चढवताना चार हमाल घामाघूम झाले, रहाळकरकाकांनी स्वतः खालून खांदा दिला. आपल्या दुसऱ्या किल्लीचा उद्धार झाल्यापासून ते दोघं नवराबायको आमच्या बाजूनं पेटून उठले होते. पत्र तर त्यांनी न मागता दोन पानी लिहून दिलं. त्यात आमच्या चारित्र्याचं कौतुकच दीड पान होतं.

हसबनीस पाहणीला आले. रेडिओ एक. शिलाई मशीन एक. पितळी पिंप एक, तांब्याची घागर एक, स्टीलची ताटं आठ. ते बोलत होते आणि लिहीत होते. आई त्यांच्या मागून फिरत होती. एवढी वर्षं घर बदलताना प्रत्येक मालकानं तोंडावर विचारलं होतं, 'सामान फार नाही ना?' हे पहिलेच गृहस्थ होते जे विचारत होते, 'अजून काही आहे का?' आई प्रत्येक वेळी सांगत होती, आहे. पाटा-वरवंटासुद्धा तिनं लिहायला लावला.

सगळं जुळत आलं आणि घोडं अडलं ते सराफाच्या पावतीपाशी.

"पावती दौलतराव थोरातांच्या नावावर आहे," हसबनीस म्हणाले. दौलतराव म्हणजे भाऊसाहेब. "म्हणजे अंगठी त्यांची. दुसऱ्याच्या वस्तूचा विमा तुम्हाला कसा उतरवता येईल?"

"माझ्या बोटात आहे की," मी म्हटलं.

"बोटात असेल हो. उद्या माझं पेन तुमच्या हातात दिलं म्हणजे ते तुमचं झालं का? दिली असं लेखी आणा. अंगठी मुलीला दिली, आता ती मुलीची. एवढी एक ओळ. त्याशिवाय मी सही करणार नाही."

मला तर वाटलं, संपलं. अंगठी परत मागणाऱ्या बाईकडेच जाऊन 'दिली असं लिहून द्या' म्हणायचं! मी आईला म्हटलं, रणधीरला सांगू, तो गुपचूप वडिलांची सही आणेल.

"चोरून आणलेल्या कागदावर तुला त्या घरात पाठवू?" आई म्हणाली. "रविवारी याद्या आहेत. बघू."

आमच्याकडे लग्नाआधी दोन्ही घरची मंडळी बसून याद्या करतात. कुणी काय द्यायचं, काय घालायचं, मानपान कुणाचे, सगळं चार माणसांत लिहायचं, खाली सह्या करायच्या, कागदाच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावायचं. त्या रविवारी कऱ्हाडच्या बंगल्यात मोठ्या सतरंजीवर पंचवीस-तीस माणसं बसली होती. थोरातांचे भाऊबंद, पाहुणे, आमच्याकडून माझे मामा आणि रहाळकरकाका. बायका दाराशी. लिहायला एक निवृत्त मास्तर होते आणि सांगायला अक्का होत्या. बायका दाराशी बसतात हा नियम अक्कांना लागू नव्हता.

आमची बाजू झाली. मग वरपक्षानं वधूला काय घालायचं ते आलं. मंगळसूत्र झालं, जोडवी झाली, चार बांगड्या झाल्या. मास्तरांनी विचारलं, "आणखी?"

तेव्हा दाराशी बसलेली आई हळूच म्हणाली, "अंगठी नका लिहू. ती साखरपुड्यातच झाली. आणि साधीच तर आहे, तिची काय यादी करायची."

आईनं 'साधी' हा शब्द इतका मऊ उच्चारला की मला क्षणभर तिची शंकाच आली नाही.

"साधी?" अक्का गर्रकन वळल्या. "विहीणबाई, सात हिरं आहेत तिच्यात! साधी म्हणं! मास्तर, लिवा. साखरपुड्याची अंगठी, सोन्याची, सात हिऱ्यांची."

मास्तर लिहायला लागले.

"वजन?" त्यांनी विचारलं.

आईनं पिशवीतून सराफाचा कागद काढून पुढे सरकवला. "हे मी करून घेतलंय. बघा, साधीच भरली."

"वजन पण लिवा," अक्का म्हणाल्या. "कळू दे सगळ्यांना."

"आणि पुढं काय लिहू?" मास्तर म्हणाले. "वधूस दिली, का वधूकडे ठेवली?"

हा प्रश्न मास्तरांना आपणहून सुचला की नाही, मला आजतागायत माहीत नाही. मास्तर आदल्या दिवशी साताऱ्याला येऊन गेले होते, एवढं मात्र मला नंतर कळलं. मी आईकडे पाहिलं. ती सुपारी कातरत होती. अडकित्ता थांबला होता.

"ठेवली म्हंजे? आम्ही काय गहाणवट करतोय का?" अक्कांचा आवाज चढला. सगळे भाऊबंद बघत होते. "दिली म्हंजे दिली! थोरातांनी दिलेलं कधी माघारी घेतलंय का? लिवा, वधूस कायमची दिली."

अडकित्ता पुन्हा चालायला लागला.

भाऊसाहेबांनी सही केली. मामांनी केली. पाच साक्षीदारांनी केल्या. अक्कांनी स्वतःच्या हातानं कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं. आमच्या वाट्याची प्रत आईनं चौघडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवली. परतीच्या एसटीत उंब्रजला बस थांबली तेव्हा तिनं खिडकीतून दोन कणसं घेतली आणि एक मला दिलं. आपण जिंकलो हे मला त्या कणसावरून कळलं.

हसबनीसांनी यादी दोनदा वाचली, पिवळं बोट टेबलाला पुसलं, म्हणाले, "बावीस वर्षांत असा पुरावा पाहिला नाही," आणि सही केली.

बस्त्याच्या दिवशी थोरात मंडळी लग्नाची कापडं घ्यायला आली, ती आधी आमच्याकडे. अक्कांनी येतानाच मखमलीची लाल डबी आणली होती. ती त्यांनी चहाच्या कपाशेजारी ठेवली.

"काय झालं मग विम्याचं?"

आई उठली. हिरव्या कपाटाचं कुलूप उघडलं, आतल्या कप्प्याचं उघडलं, आणि पॉलिसी आणून भाऊसाहेबांच्या हातात दिली. त्यांनी मोठ्यानं वाचली. माझं नाव. आमचा पत्ता, पहिला मजला, रहाळकरांचं घर, यादोगोपाळ पेठ. मग वस्तूंची यादी, पाट्या-वरवंट्यासकट. आणि शेवटी वेगळ्या रकान्यात, सोन्याची अंगठी, सात हिरे, मालकी विमाधारकाची.

"मालकी?" अक्का म्हणाल्या. "मालकी कुणी सांगितली ह्यांना?"

"तुम्हीच," आई म्हणाली आणि यादीची प्रत पुढे केली. वधूस कायमची दिली. खाली सह्या, कोपऱ्याला त्यांचंच कुंकू.

अक्कांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्यांचा पट्टा सुटला. हे फसवून घेतलं, चार माणसांत आम्हाला बोलायला लावलं, आमच्या घराण्यात असं कधी झालं नाही, पोरीच्या जातीला एवढी मालकी कशाला लागती, अंगठी जीव की प्राण होती भाऊची, आणि असंच बरंच. मी भिंतीला टेकून उभी होते. आश्चर्य म्हणजे या वेळी काही देऊन मोकळं व्हावंसं मला वाटलं नाही. मी आईच्या तोंडाकडे बघत होते. ती ऐकत होती, अगदी शांतपणे. मग म्हणाली, ज्या आवाजात ती चौदा वर्षं म्हणत आली होती त्याच आवाजात, "तीन मिनिटं झाली. मुदत वाढवायची आहे का?"

भाऊसाहेबांच्या हातातला कप बशीत आदळला.

"थांबा! हा आवाज!" ते उठून उभे राहिले. "अहो, माझा मुंबईचा कॉल साताऱ्यावरनं जातोय. गुळाचा भाव ठरतोय न ठरतोय तोवर ह्या बाई मधी येतात, तीन मिनिटं झाली! दहा वर्षं झाली, मी ह्या बाईंना घाबरतोय! अक्का, ह्या त्या बाई! मी सांगत नव्हतो तुला?"

आणि ते हसायला लागले ते थांबेचनात. रणधीर हसला, रहाळकरकाकू दारातून हसल्या, मी हसले. अक्का तेवढ्या हसल्या नाहीत. त्या पॉलिसीकडे बघत होत्या. मालकीच्या रकान्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "आपली आहे असं लिहून दिल्याशिवाय विमा मिळत नाही होय?"

"नाही," आई म्हणाली.

अक्का तरुणपणीच नवरा गेल्यावर भावाच्या घरी परत आल्या होत्या. त्यांनी आपल्या हातातले सोन्याचे गोठ वर सरकवले, पुन्हा खाली आणले.

"भाऊ, हे गोठ कुणाचे रं?"

भाऊसाहेबांचं हसू थांबलं. "तुझंच की, अक्का."

"मग दे लिहून."

"अगं, आता?"

"आता. कागद आहे का हो विहीणबाई?"

आईनं कागद दिला, पेन दिलं. भाऊसाहेबांनी आमच्या घडीच्या टेबलावर बसून लिहिलं. अक्कांनी तो कागद मखमलीच्या लाल डबीत घातला, डबी कमरेला खोचली आणि म्हणाल्या, "चला, बस्त्याला उशीर होतोय." जाताना उंबऱ्यात त्या पुन्हा थांबल्या. मी अंगठीच्या हाताची मूठ मिटली. पण त्यांनी माझा हात धरला, अंगठी जरा फिरवून हिरे वर आणले आणि चपला घातल्या.

संध्याकाळी सगळं उरकल्यावर आम्ही दोघीच उरलो. आईनं स्वयंपाकघरात पिठाचा डबा ओढला. मी विचारलं, "आई, इतकं कशासाठी केलंस? एका अंगठीसाठी?"

ती पीठ चाळत होती.

"माझ्या पाटल्या होत्या," ती म्हणाली. "माहेरच्या. तुझे बाबा गेल्यावर आपण पहिली भाड्याची खोली घेतली ना, तेव्हा तुझे काका म्हणाले, वहिनी, भाड्याच्या घरात कशाला, आमच्याकडं राहू दे सांभाळायला. मी काढून दिल्या. दोन वर्षांनी मागायला गेले, तर म्हणाले, तुमच्या कशावरून? लिहिलंय कुठं?"

तिनं चाळणी आपटून रिकामी केली. "माझ्याकडं कुणाचं लिहिलेलं नव्हतं."

मला एवढ्या वर्षांत हे कोणी सांगितलं नव्हतं. मी तिच्या पाठीवर डोकं ठेवून रडले. चौदा वर्षांची तिची रिकामी मनगटं मी रोज बघत होते आणि मला वाटत होतं, आईला दागिन्यांची आवड नाही. ती पीठ घेत राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "तीन मिनिटं झाली. कणीक मळायला घे."

मी डोळे पुसले आणि सवयीनं अंगठी काढून तांदळाच्या डब्याकडे हात नेला.

"राहू दे बोटात," आई म्हणाली. "तुझी आहे. घालूनच मळ."